फाटे फोडावेत, पण कोणाच्या तोंडून?

वाचकांची पत्रे आणि उत्तरे

व्हिज्युअल नॉव्हेल या कथाप्रकाराविषयी मागील अंकात जे टिपण आले होते, त्यावर सोलापूर शहरातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. ज्यांनी ते टिपण वाचलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ही संगणकावर किंवा मोबाइलवर वाचायची कथा असते: मागे स्थळाचे चित्र, पुढे पात्राची आकृती, खाली संवादाची चौकट आणि मधूनमधून वाचकापुढे ठेवलेले दोन-तीन पर्याय, ज्यांतून तो जे निवडेल त्याप्रमाणे कथा वळते. जपानमध्ये १९८० च्या दशकात हा प्रकार रुजला आणि आता एकटा माणूसही घरबसल्या अशी कथा रचू शकतो. बहुतेक पत्रलेखक एकाच ठिकाणी अडलेले दिसतात, म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: आमचे चार यंत्रमाग आहेत आणि माझी कथाही त्यांच्याभोवतीच फिरते. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेसाठी घरी येतो आणि वडील माग भंगारात काढायला निघाल्याचे त्याला कळते. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाला जसे भोके पाडलेले पत्ते लागतात, तसा प्रत्येक पर्यायासाठी एक प्रसंग लिहायचा असे मी ठरवले. दर वेळी तीन पर्याय दिले. चौथ्या निवडीपर्यंत ८१ फाटे झाले आणि लिखाण बंद पडले. एक प्रसंग सोबत जोडला आहे. माझे कुठे चुकते आहे? (एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर: तुम्ही थांबलात हे बरेच झाले, कारण पुढचे गणित याहून निर्दय आहे. तीन पर्यायांच्या दहा निवडी ठेवल्या आणि प्रत्येक फाटा अखेरपर्यंत वेगळा चालवला, तर कथेचे ५९,०४९ शेवट होतात. पर्याय दोनच ठेवले तरी १,०२४ शेवट आणि वाटेतले धरून २,०४७ प्रसंग. एका प्रसंगाला ३०० शब्द धरले, तर सहा लाखांहून अधिक शब्द तुम्हाला लिहावे लागतील, आणि एका बैठकीत कथा वाचून संपवणाऱ्याच्या वाट्याला त्यांतले ११ प्रसंग, म्हणजे अवघे ३,३०० शब्द येतील. सात रस्त्याच्या चौकात उभा राहिलेला माणूस सातही रस्ते चालून पाहत नाही. उलट, प्रत्येक निवडीनंतर दोन लहान, वेगळी उत्तरे लिहून कथा पुन्हा मूळ रस्त्याला आणली, तर त्याच दहा निवडींचे काम ३१ तुकड्यांत भागते: २० उत्तरे आणि मूळ रस्त्याचे ११ प्रसंग. या प्रकारात मुरलेले बहुतेक लेखक असेच करतात: फाटा फुटतो, थोडा चालतो आणि परत येऊन मिळतो.

यावर तुम्ही म्हणाल की, फाटा परत येऊन मिळणारच असेल तर निवडीला अर्थ काय उरला? याचे उत्तर तुमच्या जेकार्डच्या उपमेत आहे, पण ती उपमा जिथे तुटते तिथे. चादरीच्या मागावर एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. पत्त्यावर जिथे भोक असते तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथे नसते तिथला खाली राहतो, मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा जातो आणि पुढचा पत्ता समोर येतो. या नव्या पत्त्याला मागच्या पत्त्यावर काय होते याची खबरबात नसते. नक्षी आठवणीत ठेवण्याचे काम पत्ते एकमेकांना ज्या क्रमाने शिवलेले असतात तो क्रम करतो. तुम्ही प्रसंगांचेही तसेच केलेत. आधी जे घडले ते पात्रांच्या मनात ठेवण्याऐवजी तुम्ही ते प्रसंगांच्या क्रमात ठेवलेत, म्हणून प्रत्येक वेगळ्या क्रमासाठी वेगळा प्रसंग लिहिणे भाग पडले. माणसाला मात्र आठवते. मुलगा सकाळी काय बोलला हे बापाला रात्री आठवते, आणि तो त्याविषयी चकार शब्द न काढता ते त्याच्या वागण्यात दिसते. तेव्हा कथा कोठे जाते याचे फाटे आवरा आणि पात्राने काय लक्षात ठेवले याचे फाटे लिहा.

आता तुमचा प्रसंग पाहू. यात्रेतला अक्षता सोहळा आटोपून बापलेक शेडमध्ये आले आहेत आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, अंगात अजून यात्रेचा पोशाख, बाराबंदी, आहे. एक ऑर्डर अडकलेली असल्यामुळे तिसरा माग तेवढा चालू आहे. त्या खडखडाटात अण्णा म्हणतात, "उद्या भंगारवाला यायचाय. चारी काढून टाकतो म्हणालोय." इथपर्यंत प्रसंग उत्तम आहे, बाराबंदी न उतरवता शेडमध्ये शिरणारा माणूस तुम्ही कोठे तरी पाहिलेला असणार. त्यानंतर तुम्ही वाचकाला हे तीन पर्याय दिले आहेत:

माग विका.
माग विकू नका.
मला विचार करू द्या.

ही मतपत्रिका झाली. घरात असे कोणी बोलत नाही, आणि हा मुलगा तर नाहीच. दोन दिवसांसाठी आलेल्या मुलाची बापाला "विका" म्हणण्याची प्राज्ञा नाही. "विकू नका" म्हणायला त्याला तोंड नाही, कारण मग चालवणार कोण, हा प्रश्न त्याच्याच अंगावर येतो. तिसरा पर्याय तर लेखकाने स्वतःसाठी मागून घेतलेली मुदत वाटते. तुम्ही वाचकाला निर्णय दिलात, वाक्य दिले नाही. त्या क्षणी त्या मुलाच्या तोंडून खरोखर काय निघेल याचा विचार केला, तेव्हा मला पुढची तीन वाक्ये सुचली. तुम्हाला याहून चांगली सुचतील, कारण मागाचा आवाज तुम्ही लहानपणापासून ऐकला आहे.

"किलोनं घेतो का नगावर?"
"आईला सांगितलंत?"
"तिसऱ्याचा आवाज बदललाय."

पहिले वाक्य बोलणाऱ्या मुलाने विक्री मनोमन मान्य केली आहे आणि तो थेट भावावर आला आहे. दुसरे बोलणारा आईच्या आड उभा राहतो. तिसरे बोलणाऱ्याने विषय टाळला आहे, पण टाळता टाळता त्याचा कान अजून मागावर आहे हे उघड झाले आहे. यांतले कोणतेही वाक्य बरोबर किंवा चूक नाही आणि कोणत्याही वाक्याने उद्याचा भंगारवाला यायचा थांबत नाही. पहिल्यावर अण्णा म्हणतील, "किलोनं. तुझ्या फोनात आजचा भाव बघ." दुसऱ्यावर, "तिनंच फोन लावला त्याला." तिसऱ्यावर ते काही बोलणार नाहीत, चालत मागापाशी जातील, त्याच्या चौकटीवर हात ठेवतील आणि पाठमोरेच सांगतील, "पिकर झिजलाय. महिना झाला." (पिकर म्हणजे धोट्याला धक्का देणारा मागाचा भाग.) तिन्ही उत्तरे मिळून तीस शब्दही होत नाहीत, आणि त्यानंतर प्रसंग एकाच वाटेने पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला येतो. हा प्रसंग एकदाच लिहायचा, फक्त त्यात एक जागा मोकळी ठेवायची. मुलगा आदल्या दिवशी भावाचे बोलला असेल, तर अण्णा "हिशेब हा करील" म्हणून शेडबाहेर जाऊन उभे राहतात. आईचे नाव त्याने पुढे केले असेल, तर आई दारात येऊन थांबते, आत येत नाही, आणि अण्णा मुलाकडे पाहतच नाहीत. आवाजाचे बोलला असेल, तर अण्णा भंगारवाल्याला म्हणतात, "तिसऱ्याचं नंतर बघू." कथा तीच आहे, भंगारवाला तोच आहे, पण आदल्या दिवशी सहज निवडलेले वाक्य बापाने रात्रभर मनात ठेवले हे कळल्यावर वाचक पुढच्या निवडीपाशी दोन क्षण थांबल्याशिवाय राहत नाही.

आता हे लक्षात ठेवायचे कसे, याविषयी. पुष्कळ जण "अण्णांचा विश्वास" नावाची एक संख्या ठेवतात आणि चांगले बोलले की पाच वाढवतात, वाईट बोलले की पाच कमी करतात. सोय म्हणून ते ठीक आहे, पण पात्रप्रधान कथेत मला ही पद्धत मुळीच पटत नाही. ज्याने पाच मिळवले आणि पाच गमावले तो मुलगा शून्यावर येतो, आणि ज्याच्याशी कधी बोलणेच झाले नाही तो परकाही शून्यावर असतो. अण्णांच्या लेखी हे दोघे एकच आहेत काय? संख्येला किती ते कळते, कशामुळे ते कळत नाही. म्हणून संख्येऐवजी नोंदी ठेवा: "आवाज ओळखला", "आईचे नाव पुढे केले", "भाव विचारला". प्रत्येक नोंद खरी किंवा खोटी, एवढेच. अशा दहा नोंदींच्याही १,०२४ जुळण्या होऊ शकतात, तेव्हा एका प्रसंगात दोनपेक्षा अधिक नोंदी विचारायच्या नाहीत हे पथ्य पाळा. सारे काही आठवून दाखवणारे पात्र तसेही कंटाळवाणे होते.

या पथ्याबरोबर एक वही लागते, आणि ती न ठेवल्यामुळे माझी झालेली फजिती सांगण्यासारखी आहे. माझ्या पहिल्याच कथेत एका फाट्यावर आजी वारत होती. फाटे परत मिळाल्यावर तीन प्रसंगांनंतर सगळ्यांसाठी चहा घेऊन येणारी बाई मात्र आजीच होती, कारण तो प्रसंग मी आधी लिहून ठेवला होता आणि त्यात ती नोंद विचारायचीच राहिली. भाच्याने कथा वाचून रात्री फोन केला: "मामा, आजी परत आली." तेव्हापासून वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे नोंद कोठे जन्मली आणि उजवीकडे ती कोठे कोठे विचारली, हे लिहितो. ज्या नोंदीची उजवी बाजू कोरी राहते ती काढून टाकतो. जन्म, मृत्यू, लग्न आणि घर सोडून जाणे या नोंदी मात्र त्यानंतरच्या प्रत्येक प्रसंगात तपासाव्या लागतात, तेथे आळस चालत नाही.

खरोखर वेगळे होणारे रस्ते तुमच्या कथेत एक किंवा दोनच असू द्या, आणि तेही अखेरच्या चौथाईत. मुलगा परत पुण्याला गेला आणि मुलगा राहिला, या दोन वाटांवर एकही प्रसंग समान असू शकत नाही. तिथे फाटा फोडण्याला इलाज नाही.

प्रश्न: माझ्या कथेचा नायक मुलगा असावा की मुलगी, हे वाचकाने ठरवावे आणि नावही त्यानेच भरावे, अशी माझी कल्पना आहे. इंग्रजीतील नमुने पाहून सुरुवात केली, पण मराठीत जवळजवळ प्रत्येक वाक्य दोनदा लिहावे लागते आहे. यावर काही उपाय आहे काय? (एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर: उपाय मराठीच्या व्याकरणातच आहेत, फक्त ते आपण शाळेत या नजरेने शिकलेले नसतो. "मी गेलो, मी गेले", "मी जातो, मी जाते" येथे बोलणाऱ्याचे लिंग लपत नाही. भविष्यकाळात मात्र ते दिसतच नाही: "मी जाईन", "मी सांगेन". "मी जात आहे" यातही दिसत नाही. भूतकाळी सकर्मक वाक्यात क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जाते, त्यामुळे "मी भाकरी खाल्ली", "मी दार उघडले", "मी विचारले" ही वाक्ये मुलगा आणि मुलगी दोघांच्याही तोंडी चालतात. तेव्हा "मी म्हणालो" किंवा "मी म्हणाले" याऐवजी "मी सांगितले" लिहा. येथेही अपवाद आहेत, उदाहरणार्थ "मी चहा प्यायलो" आणि "मी चहा प्यायले". त्याजागी "मी चहा घेतला" म्हणा, नाही तरी आपण तसेच म्हणतो. "मी दमलो" याऐवजी "मला दमायला झालं", "मी घाबरले" याऐवजी "माझ्या पोटात गोळा आला". अनेकवचनी "आम्ही गेलो" दोघांना सारखेच.

दुसऱ्या पात्रांच्या संबोधनात पेच अधिक आहे. "तू आलास" आणि "तू आलीस" यांत लिंग उघड होते, "तुम्ही आलात" यात होत नाही. मित्रमंडळीतल्या सोलापुरी बोलीतही "काय करायलास" आणि "काय करायलीस" हा फरक आहेच. म्हणून काही लेखक सर्वांनाच "तुम्ही" बोलायला लावतात, आणि मग आजी नातीला "तुम्ही जेवलात का" असे विचारू लागते. असे कृपा करून करू नका. व्याकरणाच्या सोयीसाठी नाते वाकवले की, कथा तेथेच मोडते. आजीला "जेवण झालं का?" असे विचारू द्या, नाते शाबूत राहते आणि लिंगही झाकलेले राहते.

तरीही प्रत्येक कथेत पाच-दहा वाक्ये अशी येतात, जिथे पळवाट काढणे कृत्रिम होते. भांडणानंतर दारात उभे राहून "मी आले" म्हणणारी मुलगी आणि "मी आलो" म्हणणारा मुलगा यांच्या जागी "माझे येणे झाले आहे" असे लिहिणे हास्यास्पद होईल. ती वाक्ये दोनदा लिहा आणि तेवढ्यांसाठी मुलगा-मुलगी ही नोंद विचारा. शंभर वाक्यांऐवजी दहा वाक्ये दोनदा लिहिणे जड नाही.

नावाचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. आजच्या मराठीत विशेषनामाचे सामान्यरूप (प्रत्ययाआधी शब्दात होणारा बदल) बहुधा होत नाही, त्यामुळे वाचकाने भरलेल्या नावापुढे "ला", "ने", "च्या" हे प्रत्यय जसेच्या तसे लावता येतात. मध्ये मोकळी जागा सुटणार नाही एवढे पाहा. नात्याचे शब्द मात्र बदलतात. वाचकाने नावाच्या चौकटीत "काका" किंवा "आजोबा" लिहिले, तर "आजोबाला" अशी अवमानकारक रूपे तयार होतील. म्हणून ती चौकट नायकाच्या नावापुरतीच ठेवा. मराठी घरात फार थोडे लोक एकमेकांना पाळण्यातल्या नावाने हाक मारतात, हेही विसरू नका. बहिणीने "दादा" किंवा "ताई" म्हटले की, वाचकाने भरलेले नाव दहा प्रसंगांत एकदाही उच्चारावे लागत नाही.

प्रश्न: मी पूर्व भागात राहतो. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीत झाली, आणि कारखान्यात दखनी हिंदी चालते. कथा मराठीत लिहायची आहे, पण माझ्या पात्रांना नुसते मराठी बोलायला लावले की ती खोटी वाटतात. तेलुगू संवाद घालावेत काय? (एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर: मोजके घाला, आणि कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो हीच निवड वाचकाच्या हाती द्या. सोलापूरच्या घरांत भाषा बदलणे ही रोजची गोष्ट आहे आणि तिच्यामागे बहुतेक वेळा काही तरी कारण असते. आई पुण्याच्या गाडीसाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधते आहे आणि तेलुगूत विचारते आहे की पुन्हा कधी येणार. येथे मुलाच्या उत्तराचे दोन पर्याय एकाच अर्थाचे ठेवता येतील, एक मराठी आणि एक तेलुगू. अर्थ तोच असला तरी आईला दोन वेगळी उत्तरे मिळाली आहेत, आणि ती तिच्या लक्षात राहतील. बापाला "नान्ना" म्हणायचे की मित्रांसमोर "बाबा" म्हणायचे, हा एका शब्दाचा पर्यायही एखाद्या मोठ्या प्रसंगाचे काम करू शकतो. तेलुगू वाक्याचा अर्थ खालच्या ओळीत देण्याऐवजी पुढच्या उत्तरातून कळू द्या.

तुमच्या दोन्ही भाषांत असलेली एक सोय सांगतो. मराठीतील "आपण" आणि "आम्ही" यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हा भेद असतो. तेलुगूत "मनम" आणि "मेमु" यांत नेमका तोच भेद आहे. हिंदीच्या "हम" मध्ये तो नाही. "आता आपण काय करायचं?" आणि "आता आम्ही काय करायचं?" ही दोन वाक्ये मुलाने आईपुढे उच्चारली, तर पहिल्यात तो घरात आहे आणि दुसऱ्यात तो बायकोला घेऊन उंबऱ्याबाहेर उभा आहे. असा पर्याय वाचकापुढे ठेवला आणि आईने पुढे कधी तरी "तुमचं तुम्ही बघा" असे उत्तर दिले, तर वाचकाला आपण कोणता शब्द निवडला होता हे आठवून चटका बसेल.

पात्रांचे मराठी अशुद्ध करून तेलुगूपण दाखवू नका. तुमच्या पत्रातले मराठी निर्दोष आहे. तुमच्या पात्रांचेही असू शकते.

प्रश्न: कथा तयार आहे, पण संगणकाचे ज्ञान बेताचे आहे. कोणते साधन वापरावे? एकदा प्रयत्न केला, तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या. (एक शिक्षक, सोलापूर)

उत्तर: रेनपाय हे साधन मोफत आहे, २००४ पासून उपलब्ध आहे आणि पायथन या संगणकीय भाषेवर उभे आहे. त्यात प्रसंगाला "लेबल" म्हणतात, पर्यायांच्या जागेला "मेनू", आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्याला "जंप". एवढ्या तीन शब्दांवर पहिली कथा उभी राहते. ओळींच्या सुरुवातीला सोडलेली जागा मात्र तेथे अर्थपूर्ण असते, ती इकडची तिकडे झाली की कथा चालत नाही. रिकाम्या चौकटी दिसल्या, कारण त्यासोबत येणाऱ्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त यांसारखा मोफत फाँट कथेच्या फोल्डरमध्ये ठेवून तो नेमून द्या. साधनाची नवी आवृत्तीच घ्या, जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. "किल्ली", "स्त्री", "सिद्धेश्वर" हे तीन शब्द नीट उमटले की फाँट बसला असे समजा. आणि दोन ओळींतले अंतर वाढवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांवर चढतात.

पहिल्या उत्तरात ज्यांना मी नोंदी म्हटले, त्या या साधनात "डिफॉल्ट" या शब्दाने जाहीर कराव्यात, म्हणजे वाचकाने कथा अर्ध्यावर सोडून पुन्हा उघडली तरी त्या जतन झालेल्या असतात. "डिफाइन" हा शब्द न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आहे. तेथे ठेवलेली नोंद बदलली तरी जतन होत नाही. चित्रांची घाई करू नका. आधी ट्वाइन या मोफत साधनात नुसता मजकूर मांडून पाहा, तेथे फाट्यांचा नकाशा चौकटी आणि बाणांनी डोळ्यांसमोर दिसतो.

प्रश्न: कथेला शेवट किती असावेत, आणि पर्याय जमले आहेत की नाहीत हे लिहिणाऱ्याला कसे कळावे? (एक गृहिणी, होटगी रोड, सोलापूर)

उत्तर: एका बैठकीत वाचून होणाऱ्या कथेला दोन किंवा तीन शेवट पुरतात, आणि त्यांतला एकही शिक्षा म्हणून लिहिलेला नसावा. "चुकीचा पर्याय निवडलात, म्हणून सून घर सोडून गेली" असा शेवट वाचला की, वाचक मागे जाऊन दुसरे उत्तर शोधू लागतो आणि कथेची प्रश्नपत्रिका होते. सून गेलीच, तर ती तिच्या कारणासाठी जावी.

दुसऱ्या प्रश्नासाठी मोबाइल घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या, स्वतः मागे बसा आणि तोंड मिटून त्यांच्या बोटाकडे पाहा. काही बोलू नका, समजावून तर मुळीच सांगू नका. जिथे बोट पर्यायावर जाण्याआधी थांबते, ती जागा जमली आहे. जिथे पर्याय न वाचताच वरच्यावर बोट पडते, तिथे निवडच नव्हती, आणि ती काढून संवाद सरळ वाहू दिला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या एका कथेतल्या सात निवडी अशा एका दुपारीच गेल्या, आणि त्यांतल्या तीन मला स्वतःला सर्वांत आवडलेल्या होत्या.